यादीतलं दुसरं नाव

रविवार, १० ऑगस्ट २०२५

अण्णांनी आज तिला ढवळीत बसवलं. माझ्या सीटवर!

फक्त बसवलं, इंजिन बंद होतं. पावसाळ्यात विमान हँगरमध्येच असतं. पण उडवणाऱ्याच्या, डाव्या सीटवर बसवलं, आणि डावी सीट माझी आहे. सहा वर्षं माझीच आहे. अण्णांची बायपास झाली, उडवायचं मेडिकल गेलं, तेव्हा त्यांनी स्वतः किल्ली माझ्या हातात ठेवली होती. "मोहिनी, हिला उभी ठेवू नको. उभं राहिलं की जनावर बिघडतं." चार सीटचं पांढरं विमान, म्हणून नाव ढवळी. फ्लाइंग क्लबात ओळख झालेला पिंपळगावचा द्राक्षवाला माणूस, गाईचंच नाव सुचणार. विमान त्यांचं, इंधन माझं, भाडं काही नाही. असा आमचा सहा वर्षांचा व्यवहार.

ती म्हणजे पल्लवी. मखमलाबादच्या फुलवाल्यांची मुलगी, चोवीस वर्षांची. शिष्यवृत्तीवर कमर्शियल लायसन्स करून आली आहे. दोनशे बारा तास उडवलंय, तेही ढवळीच्याच जातीच्या विमानावर. नोकरी अजून नाही. मी त्रेचाळीसची. कॅनडा कॉर्नरला विम्याची एजन्सी चालवत रविवारी रविवारी शिकले. माझे आठ वर्षांत एकशे नव्वद तास.

"ताई, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," म्हणाली. माझ्यासाठी गजरा आणला होता. मी गजरा कधीच माळत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

अण्णांचा फोन. "त्या पोरीचं बी नाव चढव विम्याच्या कागदावर. म्हंजी ती बी नेईल मधूनमधून." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रविवार, १७ ऑगस्ट

फॉर्म भरला. ढवळीची पॉलिसी माझ्याच हातून झालेली, त्यामुळे कामही माझ्याकडेच.

लोकांना वाटतं, मालकाचा विमा आहे म्हणजे उसनं नेणाऱ्याचंही झालं. तसं नसतं. पॉलिसीत उडवणाऱ्यांची यादी असते. यादीत नाव नसलेल्यानं विमान ठोकलं तर कंपनी हात वर करते. किंवा मालकाला पैसे देते आणि मग वसुलीला नेणाऱ्याच्या दारात येते. हे मी क्लबातल्या कितीतरी जणांना चहा पाजून समजावलंय. भाड्यानं घ्या नाहीतर मैत्रीत घ्या, आधी विचारा: माझं नाव आहे का त्यात?

आमच्या यादीत सहा वर्षं एकच नाव आहे. ते पान मी कधी कधी उगाच उघडून बघते. नवऱ्याला, ज्ञानेशला सांगितलं तर हसेल.

तिच्या लायसन्सची कॉपी जोडली. लायसन्सच्या फोटोतसुद्धा चांगली दिसते. लायसन्सच्या फोटोत कोण चांगलं दिसतं?

मेल तयार आहे. पाठवला नाही. उद्या पाठवीन.

रविवार, २४ ऑगस्ट

पाठवला नाही.

ज्ञानेशनं जेवताना सहज विचारलं, "त्या मुलीचं झालं का?" मी म्हटलं, सणाची कामं आहेत, ट्रॅक्टरांच्या पॉलिसी अडकल्यात. "एका मेलला किती वेळ लागतो?" माझा नवरा बँकेत आहे, त्याला सगळं मिनिटांत दिसतं. मग भाताकडे बघत म्हणाला, "तुला विमान हवंय की अण्णा?"

उठून गेले. काय प्रश्न आहे हा! पण अंघोळीला गेले तरी डोक्यातून जाईना. अण्णांना दोन मुलगे, दोघेही पॅकहाऊसमध्ये. ढवळीत बसायला दोघेही घाबरतात. वर गेलं की अण्णा फक्त माझ्याशी बोलतात. चणकापूर धरण दिसलं की दरवेळी तीच गोष्ट सांगतात, पाण्याखाली गेलेल्या मळ्याची. मी दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते.

मला तिचा मत्सर वाटतो. घ्या, लिहून टाकलं.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरी बसल्या. मखमलाबादहून टोपलीभर शेवंती आली, "ताईंसाठी" अशी चिठ्ठी लावून. ताजी होती, टवटवीत. सगळी वाहिली, एकही उरवली नाही. संध्याकाळी तिचा फोन. "ताई, कंपनीचं पत्र आलं का?"

"येईल गं. कंपन्यांचं असंच असतं."

किती सहज निघालं तोंडातून.

रविवार, ७ सप्टेंबर

आज एक काम केलं आणि त्याचा मला अभिमान वाटतोय. ढवळी नेणाऱ्यांसाठी करारपत्र तयार केलं. विमान नेण्याआधी नेणाऱ्यानं स्वतः सगळी तपासणी करायची. पॉलिसीची प्रत्येक अट पाळायची. अट मोडल्यामुळे कंपनीनं जे दिलं नाही ते नेणाऱ्यानं भरायचं, मालकाला तोशीस लागू द्यायची नाही. कलमं एकदम कडक घातली. वाचून कुणीही चोवीस वर्षांची पोर दहा वेळा विचार करेल.

अण्णा म्हणाले, "आजवर कागद नव्हता, काय बिघडलं?" मी म्हटलं, आजवर मी एकटी होते. त्यांनी पेन घेतलं. जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. चष्मा घरी राहिला होता. चष्मा कायमच घरी राहतो.

मुद्दाम वाटू नये म्हणून पहिली सही मीच ठोकली. तिनं मात्र हँगरच्या पायरीवर बसून प्रत्येक ओळ वाचली. मला वाटलं आता काचकूच करेल. तर म्हणते, "बरं झालं ताई, मला हेच हवं होतं. उद्या काही झालं तर अण्णांवर येऊ नये." आणि सही केली. अक्षरही वळणदार आहे मेलीचं.

रविवार, १४ सप्टेंबर

ढवळीची वार्षिक तपासणी झाली, बाहेर काढली. अण्णा म्हणाले, "पत्र येईल तव्हा येईल. तवर तुम्ही दोघी जावा. तू उडव, ती बाजूला बसंल. तिला आपली उडायची पट्टी दाखव, वारं दाखव."

म्हणजे मी आठ वर्षांत शिकलेलं सगळं तिला बाजूला बसवून द्यायचं. पाठ धरलीय म्हणून सांगितलं.

रविवार, २१ सप्टेंबर

पुन्हा पाठ. आज जायलाच नको होतं, पण राहवलं नाही. कुंपणापाशी गाडी लावून काचेतूनच बघितलं. पल्लवी ढवळी धूत होती, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचून. अण्णा खुर्ची टाकून बसलेले. हात पसरून काहीतरी सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण हात कसे पसरले त्यावरून कळलं. पाण्याखाली गेलेला मळा. आणि ती पाइप बंद करून ऐकत होती. पहिल्यांदाच ऐकत होती, तिला नाटक करायची गरज नव्हती.

घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला हिरवा पडलेला मला दिसलाच नाही. मागच्यानं शिव्या घातल्या.

बुधवार, २४ सप्टेंबर

तिचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

रविवार, २८ सप्टेंबर

दसऱ्याचं ठरलं. अण्णांची पद्धत आहे: दसऱ्याला ढवळीची पूजा करायची, झेंडूचं तोरण, नारळ, आणि मग सीमोल्लंघन. लोक गावाची वेस ओलांडतात, आम्ही पट्टीवरून उडून गोदावरीच्या पलीकडे जाऊन परत येतो. पंधरा मिनिटं. पूजाही मीच करते आणि सीमोल्लंघनही मीच. अण्णा बाजूला बसतात. खाली पॅकहाऊसची सगळी माणसं सोनं घेऊन उभी.

आज म्हणाले, "यंदा पल्लवीला नेऊ दे म्हनतो. नवी पोर हाय, तिला बी मान."

मी म्हटलं, पत्र आलेलं नाही.

"दसऱ्यापर्यंत येईल की."

"बघू."

नाही येणार. ज्याचा अर्जच गेला नाही त्याचं पत्र कुठून येणार? हे लिहिताना मला लाज वाटायला हवी. थोडी वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

ढवळीचं नाक मोडलं. माझ्या हातून. अण्णा सुखरूप आहेत, मीही. बाकी लिहवत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

लिहायला हवं.

पल्लवीची आई, नवसाबाई, पाच हारे झेंडू घेऊन आली होती. अण्णांनी पूजेचं ताट माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, काकूंना करू द्या. मोठेपणा नव्हता तो. रुसवा होता. यंदा मान दुसऱ्याला द्यायचाय ना, मग सगळाच द्या. आणि बाजूला जाऊन उभी राहिले, कुंपणाकडे बघत.

नारळ फुटला. अण्णांनी खिशातून किल्ली काढून पल्लवीपुढे धरली. सगळे बघत होते.

ती म्हणाली, "पत्र हातात नाही अण्णा. कागदाशिवाय मी हात लावणार नाही. ताईंनीच न्यावं."

किल्ली माझ्याकडे आली! किती आनंद झाला मला. लपवता लपवता तो आनंद चेहऱ्यावर दिसला असणार. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. विमानाभोवती फेरी मारली, पण तपासणीसाठी नाही, मिरवायला. एरवी वीस मिनिटं लागतात, परवा तीन लागली असतील. अण्णांना बसवलं, निघाले.

वर गेल्यावर उंचीचा काटा हललाच नाही. जमिनीवर होता तिथेच. मी काचेवर टिचकी मारली. मग वेगाचा काटाही कमी कमी दाखवायला लागला. अशा वेळी काय करायचं ते मला येतं, एक छोटी कळ असते, ती ओढली की काटे आतली हवा घेतात. ती कळ मला आठवलीच नाही. जूननंतर मी उडवलंच नव्हतं. उतरताना काटा कमी दाखवतोय म्हणून वेग वाढवत राहिले. खरा वेग केवढातरी जास्त होता. ढवळी पट्टीवर टेकेचना, तरंगतच राहिली. टेकली तेव्हा पट्टी संपत आली होती. पुढे नाला. पुढचं चाक मुडपलं, पंखा मातीत रुतला.

अण्णा खाली उतरून म्हणाले, "लागलं नाय ना तुला?" पल्लवी पळत आली ती आधी इंधनाची कळ बंद करायला आत वाकली. मला ते सुचलं नव्हतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

भिकन मेकॅनिकनं शोधलं. ढवळीच्या बाजूला पत्र्यात एक बारीक भोक आहे, बाहेरच्या हवेचा दाब त्यातून काट्यांना कळतो. त्यात ओलं कुंकू गच्च बसून वाळलं होतं.

नवसाबाईंना बोलावलं. बिचारी हात जोडून म्हणाली, "दाराला लावलं, चाकाला लावलं, पंख्याला लावलं. तिथं भोक दिसलं, मला वाटलं जनावराचा कान असंल, म्हून तिथं बी बोट टेकवलं." कुणी हसलं नाही. ती रडायला लागली.

क्षणभर वाटलं, सुटले. पूजा त्यांनी केली, मी काय करणार? पण ते भोक उडण्याआधी बघायचं काम उडवणाऱ्याचं. करारपत्रात पहिलंच कलम आहे, माझ्या भाषेत. आणि दरवर्षी पूजा करताना तेवढी जागा सोडून कुंकू लावायचं हे त्या पट्टीवर एकाच बाईला माहीत होतं. ती कुंपणाकडे बघत उभी होती.

नवसाबाईंना मी सांगितलं, तुमची चूक नाही. पल्लवी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पॉलिसी काढली. अट आहे, पान चारवर: माणूस बाजूला बसवायचा तर मागच्या नव्वद दिवसांत तीनदा उडवून उतरवलेलं असलं पाहिजे. माझं शेवटचं उतरणं आठ जूनला. एकशे सोळा दिवस.

एकशे सोळा!

ही अट मी दुसऱ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते. दोन महिने ही पॉलिसी चाळली ती त्या पोरीला कुठे अडकवता येईल ते बघायला. स्वतःकडे बघायचं राहून गेलं. सप्टेंबरात अण्णा दोनदा म्हणाले होते, दोघी जावा. गेले असते तर तीन काय, सहा वेळा उतरवलं असतं. मी पाठ धरून बसले.

म्हणजे कंपनी अण्णांना काही देणार नाही. आणि कंपनी जे देणार नाही ते नेणाऱ्यानं भरायचं. नेणारी मी, खाली पहिली सही माझी. एजन्सी गहाण टाकावी लागेल. लायसन्सचीही चौकशी लागलीच आहे, पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. अण्णांना कळेल, मी त्यांना कुठल्या स्थितीत वर नेलं ते.

लॉगबुक समोर उघडं आहे. चौदा सप्टेंबरची ओळ रिकामी, एकवीसचीही. त्या दोन्ही दिवशी ढवळी बाहेर उभी होती. पेनही माझंच, बुकही माझंच. दोन ओळी लिहिल्या तर कोण विचारणार आहे? अण्णा विचारणार नाहीत. पल्लवी दोन्ही दिवशी तिथे होती, तिला माहीत आहे. पुन्हा ती!

बुधवार, ८ ऑक्टोबर

लिहिल्या नाहीत. चांगली म्हणून नाही. पेन टेकवलं आणि डोळ्यापुढे ती पायरीवर बसून ओळन्ओळ वाचणारी आली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

पुण्याहून विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. साठीचे, शांत. ढवळीचे फोटो काढले, भोकाचे काढले. मग लॉगबुक मागितलं. दिलं. बोटानं तारखा मोजल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही याच धंद्यात आहात ना?" हो म्हटलं. करारपत्र वाचलं. "हे फार चांगलं केलंय. वकिलाकडून?" मी केलंय म्हटलं. गृहस्थांनी माझ्यासाठी अजून एक चहा मागवला.

अण्णांना मी सांगितलं, नव्वद दिवसांचं. ते ढवळीच्या मोडक्या चाकापाशी गेले. "पाठ खरंच दुखत होती का तुझी?" एवढंच विचारलं.

नाही म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि चालत गाडीकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा "चल येतो" म्हणाले नाहीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

ज्ञानेशला सगळं सांगितलं, तयार असून न पाठवलेल्या मेलचंसुद्धा. तो चिडेल वाटलं होतं. म्हणाला, "पैशाचं आपण बघू. पण त्या मुलीला सांगून ये. आपलं नाव अजून का चढलं नाही याचा ती बिचारी विचार करत बसली असेल."

बरोबर आहे. मंगळवारी मखमलाबादला जायचं. काय बोलायचं ते मनात दहा वेळा घोळवलं. "पल्लवी, तुझा अर्ज मी पाठवलाच नाही." एवढंच. पुढचं ती बोलेल ते ऐकून घ्यायचं. रडली तर? शिव्या दिल्या तर बरं होईल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

निघतानाच सर्व्हेअरचा फोन. कंपनीची यादी समोर ठेवून बोलत होते. "यादीत दोन नावं आहेत मॅडम. दुसरं पल्लवीचं. अर्ज आलेलाच नाही हे तिनं कंपनीत विचारून घेतलं, आणि अण्णांच्या सहीचा अर्ज स्वतःच पाठवलाय, बावीस सप्टेंबरला. वर लिहिलंय, एजंट ताईंना सणाची कामं आहेत, त्यांना त्रास देऊ नये. मंजुरीचं पत्र तिला एकोणतीसला मिळालं, त्याच दिवशी पोचही दिलीय. दसऱ्याला ती तिथे हजर होती. मग तिनं का नाही उडवलं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत आहे. दसऱ्याला पत्र तिच्याजवळ होतं. सीट तिनं मला दिली.

गाडीची किल्ली हातात घेऊन तासभर दारात बसले आहे. तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.